खरकटें कोणाच्या दारीं?

अन्नाचा मान राखावा, हा संस्कार आपल्या कुटुंबांतून मुलांना अक्षरओळखीच्याहि आधीं होतो. पानांत टाकूं नये, भाताचें शीत पायाखालीं येऊं देऊं नये, पंक्तींतून कोणी अर्धपोटीं उठूं नये, या गोष्टी कोणी पुस्तकांतून शिकत नाहीं. घरांतील वडील माणसांच्या वागण्यांतून त्या अंगवळणीं पडतात. परंतु हेंच अन्न पानांत उरलें आणि त्याला उष्टें किंवा खरकटें हें नांव मिळालें, कीं त्याच्याविषयींची आपली वृत्ति एका क्षणांत पालटते. तें उचलावयाचें झालें तरी हात कचरतो. आणि एकदां तें दाराबाहेरील बादलींत पडलें म्हणजे त्याच्याशीं आपला संबंध संपला, अशी बहुतेकांची समजूत असते. पंधरा माणसांच्या घरांत चौदांना त्याचें पुढें काय होतें हें ठाऊक नसतें. पंधराव्याला ठाऊक असतें तें इतकेंच कीं, सकाळीं घंटागाडी येते.

हा संपलेला संबंध अलीकडे भलत्याच वाटेनें पुन्हां घरांत येऊं लागला आहे. एके दिवशीं बातमी येते कीं, आपल्या वसाहतीशेजारच्या मोकळ्या जागेवर ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारा कारखाना होणार. लगेच सोसायटीची सभा भरते, सह्यांचा कागद घरोघर फिरतो, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळीं एकाच घरांत चार मतें निघतात. आजोबांना आयुष्याच्या कमाईतून घेतलेल्या जागेची किंमत उतरेल अशी भीति वाटते, सुनेला तान्ह्या मुलाच्या श्वासाची काळजी असते, कॉलेजांत जाणारा नातू म्हणतो, "कचऱ्यापासून वायु होतो, तो चांगलाच नाहीं का?" आणि आजीबाई विचारतात, "आपल्या इथें नको, तर मग कोणाच्या इथें?" या चारहि मतांत तथ्य आहे, व म्हणूनच हा विषय रागाच्या भरांत किंवा सहीच्या एका फटकाऱ्यानें मिटण्यासारखा नाहीं. त्याचा थोडा शांतपणें विचार करावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

पुण्याचेंच उदाहरण घेऊं. एके काळीं या शहराचा कचरा कोथरूडास पौड रस्त्याच्या बाजूला टाकला जात असे. त्या वेळीं कोथरूड शहराबाहेर होतें, आणि तेथील दुर्गंधाविषयीं तक्रार करणारें, निदान ज्याची तक्रार ऐकली जाईल असें, कोणी नव्हतें. पुढें तेथें वसाहती उठल्या, सुशिक्षित मध्यम वर्ग राहावयास गेला, आणि कचऱ्याला दुसरी जागा शोधणें भाग पडलें. कोथरूडच्या त्या जुन्या डेपोच्या जागेवर आज वनाझजवळचें मेट्रोचें आगार उभें आहे. कचरा मात्र सासवड रस्त्यावरील उरुळी देवाची या गांवीं जाऊं लागला. १९८० नंतरच्या दशकापासून तेथें त्याचे डोंगर वाढत गेले. त्या डोंगरांतून पाझरणाऱ्या काळ्या पाण्यानें उरुळी व शेजारचें फुरसुंगी येथील विहिरी नासल्या, आणि ज्या गांवांना स्वतःचें पाणी होतें त्यांना टँकरची वाट पाहावी लागली. ग्रामस्थांनीं अर्ज केले, मोर्चे काढले, गाड्या अडविल्या. २०१७ च्या उन्हाळ्यांत डेपोला आग लागल्यानंतर त्यांनीं कचरा येऊं देण्याचें साफ नाकारलें, तेव्हां कित्येक दिवस पुण्याच्या रस्त्यांवर कुंड्या भरून वाहत होत्या. शहरांतील अनेकांना उरुळी देवाची या गांवाचें नांव त्याच वेळीं प्रथम ठाऊक झालें.

यांत कोणाचा दोष होता? कोथरूडच्या रहिवाशांनीं स्वच्छ हवा मागितली, ती मागणी रास्त होती. फुरसुंगीच्या शेतकऱ्यानें स्वच्छ पाणी मागितलें, तीहि रास्त होती. दोष होता तो या समजुतींत कीं, शहराच्या कचऱ्यासाठीं नेहमींच कोठेंतरी "गांवाबाहेर" अशी एक जागा शिल्लक असते. शहर वाढतें, गांव त्याच्या पोटांत येतें, आणि काल जें बाहेर होतें तें आज कोणाचें तरी अंगण ठरतें.

आतां शहराच्या दुसऱ्या टोकास, बाणेरकडे, वळूं. येथें सूस रस्त्यालगत पुणें महानगरपालिकेनें एका खासगी संस्थेशीं करार करून ओल्या कचऱ्याचा प्रकल्प उभारला. हॉटेलें व वसाहती यांतून येणारें उरलेलें अन्न तेथें निवडावयाचें, भरडून त्याचा पातळ रबडा करावयाचा, आणि तो तळेगांवास नेऊन तेथें त्यापासून इंधनवायु काढावयाचा, अशी ही योजना होती. म्हणजे जें काम सर्वांत नकोसें, तें निवडण्याचें व भरडण्याचें काम वस्तीजवळ, आणि गोळा होणाऱ्या वायूचें काम दूर. आसपासच्या रहिवाशांनीं दुर्गंधाबद्दल तक्रार केली. ही जागा जैवविविधता उद्यानासाठीं राखलेली आहे, असेंहि त्यांचें म्हणणें होतें. त्यांच्या विकास मंचानें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि २७ ऑक्टोबर २०२० रोजीं न्यायाधिकरणानें प्रकल्प बंद करून तो अन्यत्र हलवावा असा आदेश दिला.

महानगरपालिका सर्वोच्च न्यायालयांत गेली. १२ सप्टेंबर २०२४ रोजीं न्यायमूर्ति भूषण गवई, प्रशांतकुमार मिश्रा व के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठानें न्यायाधिकरणाचा आदेश रद्द केला. न्यायालयानें दोन गोष्टींना विशेष महत्त्व दिलें. पहिली ही कीं, २००२ सालच्या विकास आराखड्याच्या मसुद्यांतच ही जागा कचऱ्याच्या प्रक्रियेसाठीं दाखविलेली होती. दुसरी ही कीं, प्रकल्प बंद केला तर शहराच्या पश्चिम भागांतील ओला कचरा सगळें शहर ओलांडून हडपसरपर्यंत न्यावा लागेल, आणि त्यामुळें एका ठिकाणचा उपद्रव मिटण्याऐवजीं वाटेवरील सर्वांना तो होईल. मात्र निकाल एवढ्यावर थांबला नाहीं. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, जिला आपण 'नीरी' या नांवानें ओळखतों तिनें, केलेल्या सूचना अमलांत आणाव्या, कचऱ्याचीं पात्रें झांकलेलीं ठेवावीं, प्रकल्पाभोंवतीं दाट झाडी वाढवावी, अशा अटीहि न्यायालयानें घातल्या. प्रकल्प राहील, पण नीट चालविला पाहिजे, असा या निकालाचा अर्थ घेतां येतो.

या निकालानें दोन्ही पक्षांना कांहीं शिकविलें. महानगरपालिकेला हें कीं, परवानगी हातांत असली म्हणजे शेजाऱ्याशीं वागण्याची जबाबदारी संपत नाहीं. रहिवाशांना हें कीं, आपण घर घेतों तेव्हां खिडकींतून दिसणाऱ्या टेकडीइतकाच कार्यालयांतील नकाशाहि पाहावयास हवा. मोकळ्या जागेवर आज गवत असलें, तरी नकाशावर तिच्या नांवानें काय लिहिलें आहे, हें बारा-पंधरा वर्षांनीं कळून उपयोग होत नाहीं.

परंतु नकाशा पाहण्यापूर्वीं असा कारखाना आंतून कसा चालतो, हें समजणें अवश्य आहे; कारण त्यावांचून भीति कोणती खरी व कोणती पोकळ हें ठरवितां येत नाहीं. सुदैवानें त्याचें शास्त्र स्वयंपाकघरांतील माणसाला परकें नाहीं. दुधाला विरजण लावणें, आंबोळीचें पीठ रात्रभर झांकून ठेवणें, हीं सूक्ष्म जंतूंचींच कामें आहेत. ओल्या कचऱ्याच्या बंद टाकींत हेंच काम हवेवांचून व मोठ्या प्रमाणावर चालतें. प्रथम एका जातीचे जंतु पिष्टमय पदार्थ, प्रथिनें व स्निग्ध पदार्थ फोडून त्यांचीं आम्लें करतात. मग दुसऱ्या जातीचे जंतु त्या आम्लांपासून मिथेन वायु तयार करतात. निघणाऱ्या वायूंत निम्म्याहून अधिक मिथेन व उरलेला मुख्यतः कर्बद्विप्राणिद, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, असतो. एक टन अन्नाच्या कचऱ्यापासून साधारणपणें शंभर घनमीटर वायु मिळूं शकतो. उरलेला पातळ चोथा शेताला खत म्हणून चालतो.

ही विद्या नवी नाहीं. दलदलींतून निघणारा वायु पेटतो, हें इटलींतील माज्जोरे सरोवराच्या कांठीं अलेस्सांद्रो व्होल्टा यानें १७७६ सालीं दाखविलें. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालीं असा वायु वापरांत आणल्याची नोंद या शास्त्राच्या इतिहासांत नेहमीं आढळते. हवेच्या साहाय्यानें खत करण्याची दुसरी पद्धति अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें शास्त्रशुद्ध रीतीनें बसविली, आणि १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. आजहि ती जगभर इंदूर पद्धति म्हणून ओळखली जाते. पुण्यांत डॉ. आनंद कर्वे, म्हणजे इरावतीबाईंचे चिरंजीव व महर्षि कर्व्यांचे नातू, यांच्या 'आरती' या संस्थेनें उरलेल्या अन्नावर चालणारें लहान घरगुती वायुयंत्र तयार केलें. त्याला २००६ सालीं इंग्लंडांतील ॲश्डन पारितोषिक मिळालें. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेंहि 'निसर्गऋण' या नांवाची पद्धति विकसित केली आहे.

मग दुर्गंध येतो कोठून? नीट चाललेल्या बंद टाकींतून तो येत नाहीं. टाकीच तशी बंद नसेल तर मुळीं वायूच धरतां येणार नाहीं. तो येतो टाकीच्या आधीं आणि टाकीच्या नंतर. कचऱ्याची गाडी रिकामी करावयाची ओटी उघडी असली. निवडण्याचें काम पत्र्याच्या छपराखालीं चाललें. यंत्र बिघडल्यामुळें दोन दिवसांचा माल तसाच पडून राहिला. खालीं गळणारें आंबट पाणी उघड्या गटारांतून वाहिलें. म्हणजे दुर्गंध सुटतो. टाकींत भलताच माल एकदम कोंबला तरीहि बिघाड होतो. मिथेन करणारे जंतु मंदगतीचे व नाजूक असतात. आम्लें करणारे जंतु पुढें धावले आणि हे मागें राहिले, तर टाकी आंबते, जसें सणाच्या दिवशीं भरल्या पोटीं आणखी जेवल्यावर माणसाचें पोट आंबतें. कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो गंधकयुक्त हायड्रोजन सल्फाइड वायूचा. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे थोडे भाग असले तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. म्हणून "वास येतो" ही तक्रार यंत्रावरील आकडा शून्याजवळ असतांनाहि खरी असूं शकते. उलट हाच वायु फार दाटला तर नाकाची जाणीवच बधिर करतो, आणि तेव्हां धोका शेजाऱ्यांपेक्षां टाकींत उतरणाऱ्या कामगाराला अधिक असतो. ही गोष्ट आपल्या सभांतून क्वचितच बोलली जाते.

दुर्गंधावर उपाय आहेत, आणि ते फार गूढ नाहींत. गाडी बंद दालनांत शिरावी, व बाहेरचें दार लागल्यावरच आंतलें उघडावें. दालनांतील हवा पंख्यानें आंत ओढलेली राहावी, म्हणजे फटींतून बाहेर जाणार नाहीं. ती ओढलेली हवा ओलसर लाकडी ढलप्यांच्या किंवा खताच्या थरांतून सोडावी. त्या थरांतील जंतु दुर्गंधाचे पदार्थ खाऊन टाकतात. आलेला माल त्याच दिवशीं टाकींत जावा. गळणारें पाणी बंद नळांतून परत टाकींत किंवा शुद्धीकरणास जावें. या प्रत्येक गोष्टीस पैसा लागतो, आणि कंत्राट सर्वांत कमी दराला दिलें म्हणजे प्रथम याच गोष्टी गळतात. कारखाना वस्तीपासून किती मीटर दूर आहे, या प्रश्नाइतकाच तो चालविण्यासाठीं दर टनामागें किती रक्कम मान्य झाली, हाहि प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो.

आतां परवानगीकडे वळूं. महाराष्ट्रांत जागेचा उपयोग ठरतो तो १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालीं होणाऱ्या विकास आराखड्यानें. हा आराखडा प्रथम मसुदा म्हणून प्रसिद्ध होतो, नागरिकांकडून ठराविक मुदतींत हरकती व सूचना मागविल्या जातात, आणि त्यांची सुनावणी होते. शाळा, उद्यान, स्मशान, दवाखाना, कचरा-प्रक्रिया, यांच्या जागा याच वेळीं ठरतात. त्यानंतर प्रत्यक्ष कारखान्यासाठीं १९७४ च्या जलप्रदूषणाच्या व १९८१ च्या वायुप्रदूषणाच्या कायद्यांप्रमाणें महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमति लागते. एकदां उभारण्यासाठीं, आणि पुन्हां चालविण्यासाठीं. चालविण्याची संमति कायमची नसते. तिची मुदत संपते, ती नव्यानें घ्यावी लागते, व तिच्यांत अटी असतात. मोठ्या सामाईक प्रकल्पांसाठीं २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें पर्यावरणीय मंजुरीचीहि तरतूद झाली. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनीं दिवसाला पांच टनांहून अधिक क्षमतेच्या प्रकल्पाभोंवतीं बांधकामाविना मोकळा पट्टा राखण्याचें बंधन घातलें. हा पट्टा दोन्ही बाजूंनीं पाळावयाचा असतो, हें लक्षांत ठेवावें. कारखान्यानें वस्तीजवळ येऊं नये हें जितकें खरें, तितकेंच महानगरपालिकेनें कारखान्याच्या कुंपणाला लागून नव्या इमारतींना परवानगी देऊं नये हेंहि खरें. एकाच कार्यालयांतून कारखान्याचा व इमारतीचा असे दोन्ही कागद मंजूर होतात, मग भांडण मात्र रहिवासी व कामगार यांच्यांत लागतें.

यावरून हरकत केव्हां व कशी घ्यावी हें उघड होतें. पाया खणला गेल्यावर घेतलेली हरकत बहुधा न्यायालयांत जाते, आणि तेथें वर्षें जातात. मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हां घेतलेली हरकत एका अर्जानें होते. आपल्या घरांतून वकील आहेत, अभियंते आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. वर्तमानपत्रांतील ती बारीक अक्षरांतील जाहिरात वाचणें आणि कार्यालयांत जाऊन नकाशा पाहणें हें त्यांना सहज साधण्यासारखें काम आहे. अर्जांत "आम्हांस प्रकल्प नको" एवढेंच लिहिलें, तर अधिकारी तो कागद फाइलींत लावून मोकळे होतात. त्याऐवजीं नेमके प्रश्न विचारावे. दिवसाला किती टन माल येणार, आणि तो कोठून? गाड्या कोणत्या रस्त्यानें व कोणत्या वेळीं येणार? निवडण्याचें दालन बंद आहे कीं उघडें? वीज गेली किंवा यंत्र थांबलें, तर त्या दिवसाचा माल कोठें जाणार? जास्तीचा वायु जाळण्याची सोय आहे काय? गळणाऱ्या पाण्याचें काय? वासाचें मोजमाप कोण करणार, आणि तें लोकांना दिसेल अशा ठिकाणीं लावणार काय? रात्रीं अकरा वाजतां दुर्गंध सुटला, तर फोन कोण उचलणार? हीं उत्तरें संमतीच्या अटींत लिहून घेतलीं, म्हणजे पुढें त्या अटींवर बोट ठेवतां येतें. उत्तरें मिळालीं नाहींत, तर तेवढें एकच कारण विरोधाला पुरेसें आहे. तो विरोध मग हट्टाचा राहत नाहीं.

नगरपालिकांनीं पैशाची सबब सांगूं नये, हेंहि ठरून गेलें आहे. रतलाम येथील उघड्या गटारांविषयींच्या खटल्यांत १९८० सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं, निधि नाहीं म्हणून नगरपालिकेला सार्वजनिक आरोग्याचें कर्तव्य टाळतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. त्याच्याहि पुष्कळ मागें जावयाचें, तर कौटिल्यानें रस्त्यावर केर टाकणारास पणाच्या आठव्या भागाचा दंड सांगितला आहे. एकानें राज्यकर्त्याचें कर्तव्य सांगितलें, दुसऱ्यानें गृहस्थाचें. आणि या विषयांत दोन्हीं लागतात.

गृहस्थाचें कर्तव्य कोणतें, हें आतां पाहूं. दहा-बारा माणसांच्या घरांत दिवसाला तीन किलो ओला कचरा निघतो असें धरलें, तर वर्षाला तो एक हजार किलोंच्या वर जातो. एका घराचा एक टन! वाटल्यास एक आठवडाभर तोलून पाहावें. कारखान्याच्या दाराशीं जो दुर्गंध सुटतो, त्याची सुरुवात या टनापासून होते. भाजीचीं देठें, चहाचा चोथा, उरलेला भात हीं प्लास्टिकच्या पिशवींत गांठ मारून दिवसभर ठेवलीं, कीं हवेवांचून कुजण्याची क्रिया घरांतच सुरू होते. संध्याकाळच्या कचऱ्याची पिशवी दुसऱ्या दिवशीं दुपारीं कारखान्यांत फुटते तेव्हां ती आधींच नासलेली असते. त्यांत कांच, दाढीचें पातें, निर्माल्यावरचा दोरा, मुलांचे लंगोट, औषधांचीं वेष्टनें मिसळलीं, तर निवडण्यास वेळ लागतो, यंत्राचीं पातीं मोडतात, काम थांबतें, आणि माल उघड्यावर पडून राहतो. पुणें महानगरपालिकेनें शहराच्या निरनिराळ्या भागांत दिवसाला पांच टन ओला कचरा घेणारे लहान वायुप्रकल्प उभारले; त्यांतील कित्येक पूर्ण क्षमतेनें चालले नाहींत, आणि न निवडलेला कचरा हें त्याचें एक मोठें कारण होतें. शेजारीं कारखाना नको म्हणणाऱ्या सोसायटीची बादलीच त्या कारखान्याला दुर्गंधी करीत असेल, तर तक्रारीच्या अर्जाचें वजन अर्धें उतरतें.

आणखी एक गोष्ट आहे, व ती बोलावयास जड वाटली तरी बोललीच पाहिजे. आपल्या घरांतून सोंवळ्याओंवळ्याचे जे नियम पिढ्यान् पिढ्या चालत आले, त्यांची सीमा उंबरठ्यापाशीं संपत असे. उंबरठ्याच्या आंत शीत सांडलें तर तें टिपावयाचें. बाहेर काय सांडलें याची चौकशी नव्हती. बाहेरचें काम कोणीतरी करीत असे, आणि तें कोण करतें हेंहि समाजानें जन्मावरून ठरवून टाकलें होतें. त्या माणसांना ओंजळींत वरून पाणी घालणारे हात आपल्याच घरांतील होते. आज पुण्यांत कचरा वेंचणाऱ्या स्त्रियांनीं स्वतःची संघटना उभारली आहे. १९९३ सालीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली, व तिच्यांतून २००८ सालीं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघून घरोघर कचरा गोळा करूं लागली. नियम पालटले, नांवें पालटलीं. तरीहि आपल्या बादलींतील उष्टें व कांच एकत्र कालविलेलीं असतात, आणि तीं वेगळीं करतांना ज्याचा हात कापतो तो हात अजूनहि बहुधा त्याच वस्त्यांतून आलेला असतो. कारखाना वस्तीपासून दूर न्यावा असें आपण म्हणतों, तेव्हां "वस्ती" या शब्दांत आपण कोणकोणतीं घरें मोजतों, हें एकदां मनाशीं तपासून पाहावें. उरुळीचीं घरें कित्येक वर्षें या मोजणींत नव्हतीं.

याचा अर्थ जेथें जो प्रकल्प येईल तो मुकाट्यानें सोसावा, असा मुळींच नाहीं. शाळेच्या भिंतीला लागून उघड्यावर कचरा निवडण्याचा प्रकल्प कोणी आणला, तर त्याला विरोध करणें हें नागरिकाचें कामच आहे, आणि तो यशस्वी व्हावा. पण शहरांतील प्रत्येक भागानें आपला ओला कचरा आपल्याच भागांत जिरविला, तर एका गांवावर डोंगर उभा राहत नाहीं, शंभर गाड्या शहर ओलांडीत नाहींत, आणि कारखाना लहान व आटोक्यांतला राहतो. ज्या सोसायटीला जागा आहे तिनें आपल्या आवारांतच खताचे खड्डे किंवा लहान वायुयंत्र चालवावें. ज्या एकत्र कुटुंबाला गच्ची किंवा परसूं आहे, त्यानें भोंकें पाडलेल्या दोन पिंपांत आळीपाळीनें ओला कचरा व वाळका पालापाचोळा यांचे थर घालावे. माती, पाला व हवा योग्य प्रमाणांत असली तर दोन-तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत हातीं येतें, व त्याला पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येतो. घरांतील एका मुलाकडे हें काम सोंपविलें, तर तें त्याला शास्त्राच्या तासाहून अधिक शिकवून जातें.

आणि जेव्हां खरोखरच सह्यांचा कागद आपल्या घरीं येईल, तेव्हां तो वाचून सही करावी. प्रश्न नेमके आहेत का, जागेचा नकाशा पाहिला आहे का, कामगारांच्या सुरक्षिततेचा उल्लेख आहे का, हें पाहावें. त्यांत आणखी एक वाक्य घालण्याचा आग्रह धरावा: हा प्रकल्प येथें झाला नाहीं, तर आमच्या वसाहतीचा ओला कचरा आम्हीं अमुक रीतीनें व अमुक ठिकाणीं जिरवूं. हें वाक्य लिहावयास सभा आणखी दोन तास चालेल. कांहीं जण उठून जातील. पण जी सोसायटी तें लिहूं शकेल, तिच्या हरकतीला महानगरपालिकेलाहि उत्तर द्यावें लागेल, आणि फुरसुंगीच्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन तिला बोलतां येईल.